प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी: नवशिक्याचा पहिला संच, काही महिन्यांच्या वापरानंतर

संच साधा आहे आणि आयपीएससीच्या (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रॉडक्शन गटासाठी (जवळपास कारखान्यातून आली तशीच पिस्तुलं) जुळवलेला: फुल-साइझ 9 मिमी पिस्तूल, दुहेरी बेल्ट, कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर, मॅगझिनसाठी चार पाऊच, पाच मॅगझिन (गोळ्या भरायचे डबे), टायमर, गॉगल आणि इअरमफ. या सगळ्यात पिस्तुलाने सर्वांत कमी त्रास दिला आणि बेल्टने सर्वांत जास्त. नवशिके खर्च मात्र नेमका उलटा करतात.

बेल्टचे दोन भाग असतात. आतला मऊ पट्टा पँटच्या लूपमधून जातो आणि बाहेरचा कडक पट्टा वेल्क्रोने त्यावर बसतो. माप घेताना पँटचा नंबर धरू नका. आतला पट्टा घालून त्यावरून कंबर मोजा. रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून जोरात उपसून बघा. त्यासोबत बेल्ट वर उचलला गेला तर तो मऊ आहे, आणि अशा बेल्टवर दर वेळी पिस्तुलाची मूठ वेगळ्याच जागी सापडते. वेल्क्रोत धागे-केस अडकून पकड सुटते. जुन्या कंगव्याने विंचरलं की परत येते.

होल्स्टर ठीकठाक. पकडीचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा. रिकाम्या पिस्तुलासकट होल्स्टर गादीवर उलटं धरल्यावर पिस्तूल पडू नये, पण उपसताना अडकूही नये. हादऱ्यांनी स्क्रू हमखास सैल होतात. निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) एक थेंब स्क्रूला लावा (प्लास्टिकला नाही) आणि स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरपर्यंत रंगाची रेघ ओढा. रेघ सरकली की कळतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेलं कायडेक्स वाकतं. प्रॉडक्शन गटात होल्स्टर आणि पाऊच कमरेच्या हाडाच्या मागेच असावे लागतात, त्यामुळे ओपन गटातल्यांचं (तिथे पिस्तुलात बहुतेक बदल चालतात) बघून पुढे लावायचा मोह टाळा.

मॅगझिन पाच का? या गटात सुरुवातीच्या इशाऱ्यानंतर एका मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त 15 गोळ्या चालतात आणि लांब स्टेज (सामन्याचा एक टप्पा) 32 गोळ्यांपर्यंत असतो. चुकलेले नेम आणि पळता पळता केलेले मॅगझिनचे बदल धरले तर पिस्तुलात एक आणि बेल्टवर चार हा हिशेब बरोबर बसतो. प्रत्येकावर नंबर टाका. गोळी अडकते तेव्हा दोष बहुतेकदा मॅगझिनचा असतो, पिस्तुलाचा नव्हे. नंबर असला तर गुन्हेगार लगेच सापडतो. जमिनीवर पडलेल्या मॅगझिनमध्ये वाळू जाते आणि आतला फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारा तुकडा) अडखळतो. तळ उघडून कोरड्या ब्रशने झाडा. तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते.

काडतूस विकत घेताना पॉवर फॅक्टरचं (गोळीच्या जोराचा आकडा) गणित करा: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले 1000. किमान 125 हवं. 124 ग्रेनला 1010 वेग म्हणजे 125.24, कागदावर पास. पण क्रोनोग्राफवर (वेग मोजणारं यंत्र) थोडा वेग कमी पडला तर नेमबाजी चालू ठेवता येते, गुण मात्र मिळत नाहीत. 1040 च्या आसपासचं घेतलं तर चिंता नाही.

वेगाच्या नादाला किती लागायचं, हे हिट फॅक्टरच सांगतो: गुण भागिले सेकंद, जितका जास्त तितका चांगला. मायनरमध्ये (कमी पॉवर फॅक्टरची गुणपद्धत, प्रॉडक्शनमध्ये हीच) लक्ष्याच्या मधल्या ए झोनला 5, त्याबाहेरच्या सी ला 3, कडेच्या डी ला 1. मिस झाला (गोळी लक्ष्याला लागलीच नाही) तर उणे 10. 12 गोळ्यांच्या स्टेजवर सगळे ए, 12 सेकंद: 60 भागिले 12, म्हणजे 5.00. नऊ ए आणि तीन सी, 9 सेकंद: 54 भागिले 9, म्हणजे 6.00. पण त्याच 9 सेकंदांत अकरा ए आणि एक मिस झाला तर 45 उरतात आणि हिट फॅक्टर पुन्हा 5.00. सी परवडतो, मिस नाही.

हातोडीवाल्या पिस्तुलाचा पहिला फायर लांब आणि जड चापाचा असतो. नवशिक्याची पहिलीच गोळी डी मध्ये जाते ती यामुळे. स्ट्रायकरवाल्यात (बाहेरच्या हातोडीऐवजी आतली स्प्रिंगची कांडी असलेल्या) दर वेळी चाप सारखाच, म्हणून सुरुवातीला तेच सोपं.

सामन्यातून बाद होण्याची कारणं थोडी आणि ठरलेली आहेत: नळी समोरच्या दिशेपासून 90 अंशांच्या पलीकडे जाणं, नेम न धरता हालताना बोट चापावर असणं, पिस्तूल हातातून पडणं, अनवधानाने गोळी सुटणं. उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे धावत मॅगझिन बदलताना विशेष जपावं. अंग वळतं आणि नळी त्यासोबत जाते. सेफ्टी एरियात (पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेली जागा) पिस्तूल हाताळता येतं, पण तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा (बिनदारूचं नकली काडतूस) नाही.

इअरमफ घेताना गॉगलची काडी बघा. जाड काडीने गादी उचलली जाते आणि आवाज आत शिरतो.

टायमरचा पैसा मात्र पहिल्याच आठवड्यात वसूल. पार टाइम (टायमरवर ठरवलेली मर्यादा) 2.0 सेकंदांवर लावा आणि रिकाम्या पिस्तुलाने ड्रॉ करून (होल्स्टरमधून उपसून) एक फायर. काडतुसं दुसऱ्या खोलीत. दहापैकी आठ वेळा नीट जमलं की 0.1 कमी करा. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमखूण) डगमगायला लागली की पुन्हा वाढवा.