प्रजननक्षम मादीसाठीचे पेलेट खाद्य: गोळी उत्तम, पिशवीवरची सूचना घाईची

सशाच्या मादीची जोडी लावण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तिच्या भुकेकडे जितके बारीक लक्ष द्यावे लागते तितके एरवी क्वचितच द्यावे लागते. ‘प्रजननक्षम व पाजणाऱ्या माद्यांसाठी’ असे पिशवीवर छापून विकले जाणारे पेलेट खाद्य या काळात नेमके काय साधते, हे पाहण्यासाठी मी ते माझ्या मादीला नेहमीच्या पेलेटऐवजी दिले. ती मध्यम बांध्याची, सुमारे अडीच किलो वजनाची आणि निरोगी आहे. खाद्य चांगले आहे आणि मी ते पुन्हा घेईन. परंतु जोडी लावण्याआधी ते किती द्यावे याविषयी पिशवीवर जे छापले आहे, ते जसेच्या तसे पाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम खाद्याविषयी. घटकांच्या यादीत लसूणघास सर्वांत वर आहे, प्रथिने 17 टक्के आणि तंतुमय घटक 16 टक्के असल्याचे लिहिले आहे. प्रजनन न करणाऱ्या प्रौढ सशाला साधारण 12 ते 14 टक्के प्रथिने पुरतात, तर गाभण व पाजणाऱ्या मादीला 16 ते 18 टक्क्यांची गरज असते, म्हणजे नावाप्रमाणे खाद्याची बांधणी योग्य आहे. गोळ्या एकसारख्या आकाराच्या, घट्ट आणि वाळल्या गवताच्या स्वच्छ वासाच्या आहेत, आणि पिशवीच्या तळाशी भुगा फारसा साचत नाही. यात धान्याचे दाणे, रंगीत तुकडे किंवा सुकी फळे मिसळलेली नाहीत, ही माझ्या दृष्टीने याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मिश्र खाद्यात ससा गोड व पिठूळ तुकडे वेचून खातो आणि तंतुमय भाग मागे ठेवतो, त्यामुळे भांड्यात उरलेले खाद्य पाहून भूक कमी झाली की केवळ निवड चालू आहे हे कळत नाही. येथे प्रत्येक गोळी सारखीच असल्याने उरलेल्या खाद्याला अर्थ राहतो. सकाळी भांडे काट्यावर ठेवले की आदल्या दिवशी मादीने किती खाल्ले ते ग्रॅममध्ये समजते. सोबत दिलेले प्लॅस्टिकचे माप मात्र बाजूला ठेवावे, कारण ते सैल भरले की दाबून भरले यानुसार वजनात चांगलाच फरक पडतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा या कामासाठी अधिक भरवशाचा आहे.

हे मोजणे इतके का आवश्यक आहे, ते जोडी लावण्याआधीच्या भुकेचे स्वरूप पाहिले की लक्षात येते. सशाच्या मादीला कुत्री किंवा गायीसारखे ठरावीक अंतराने येणारे माजाचे चक्र नसते. तिचे बीजांड मिलनानंतरच, सुमारे 10 ते 12 तासांनी सुटते, आणि नराला स्वीकारण्याची तिची तयारी बरेच दिवस टिकून मधले काही दिवस ओसरते. तयारीच्या दिवसांत योनिद्वार फिकट गुलाबी न राहता लालसर किंवा जांभळट व किंचित सुजलेले दिसते. मादी हनुवटी वस्तूंवर घासते, पिंजऱ्याचा कोपरा उकरते, येरझारा घालते आणि खाण्यात तिचे लक्ष राहत नाही. अशा दिवशी ती भांड्याजवळ येते, चार गोळ्या खाते, निघून जाते आणि बऱ्याच वेळाने परत येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तीच मादी नेहमीपेक्षा अधिक खाऊ शकते. हा चढउतार आजार नाही. माझ्या मादीच्या बाबतीत अशा दिवशी पेलेट उरत असे, परंतु वाळलेले गवत मात्र ती नेहमीइतकेच खात असे, लेंड्या गोल, मोठ्या व भरपूर पडत आणि पाणीही नेहमीइतकेच संपत असे. यावरून काळजीचे कारण नाही हे मला ठरवता आले.

याच्या उलट चित्र अधिक त्रासदायक आहे. पेलेट चट्टामट्टा होत असेल आणि गवत तसेच उरत असेल, तर भूक वाढली असा निष्कर्ष काढू नये, कारण पौष्टिक खाद्याने गवताची जागा घेतलेली असते. पेलेट आणि गवत दोन्ही उरत असेल आणि लेंड्या लहान होत असतील, तर तो पोटाच्या बिघाडाचा इशारा आहे. मादी भांड्याकडे उत्सुकतेने धावते, गोळी तोंडात घेते आणि टाकून देते, असे दिसल्यास दातांची तपासणी करून घ्यावी, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वाढलेल्या टोकांमुळे चावणे दुखते. उष्ण हवेतही खाणे घटते, आणि त्याच उष्णतेत नराची प्रजननक्षमताही कमी होते, म्हणून अशा वेळी खाद्य बदलत बसण्यापेक्षा जोडी लावणेच पुढे ढकलणे योग्य ठरते. कोणत्याही कारणाने ससा 12 तास काहीच खात नसेल, तर ‘जोडी लावण्याआधी असे होते’ या समजुतीवर न विसंबता पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण सशाचे आतडे रिकामे राहून थांबले की प्रकृती फार वेगाने ढासळते.

खोट्या गाभणपणाचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. मिलन होऊनही गर्भ राहिला नाही, किंवा दोन माद्या एकमेकींवर चढल्या, तरी मादी सुमारे 16 ते 18 दिवस गाभण असल्यासारखी वागू शकते. ती तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेते, छातीचे केस उपटते आणि चिडचिडी होते. गवताची जाळी रिकामी दिसते, पण गवत पोटात गेलेले नसते, घरट्यात रचलेले असते. भूक उत्तम आहे असे समजून या काळात जोडी लावण्याची घाई करू नये.

आता पिशवीवरच्या सूचनेकडे वळतो. जोडी लावण्याच्या दोन आठवडे आधीपासून ‘मादीला हवे तितके’ द्यावे, असे तेथे म्हटले आहे. कृश मादीला मिलनाआधी आठवडाभर थोडे वाढवून खाद्य दिल्यास तिची तयारी सुधारते, ही पद्धत ससेपालनात रूढ आहे आणि तिला आधार आहे. परंतु घरात पाळलेली मादी बहुधा कृश नसते. पाठीच्या कण्यावरून व बरगड्यांवरून बोटे फिरवल्यावर हाडे पातळ थराखाली गोलसर जाणवली, तर मादीची प्रकृती योग्य आहे आणि तिला वाढीव खाद्याची गरज नाही. हाडे शोधावी लागत असतील तर ती आधीच जाड आहे. जाड मादीत गर्भ राहण्याचे प्रमाण घटते, विताना अडचण येते, आणि गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत ती खाणे सोडून कीटोसिसला, म्हणजे उपाशीपोटी शरीरातली चरबी वेगाने वापरली गेल्याने होणाऱ्या गंभीर आजाराला, बळी पडण्याचा धोका वाढतो. पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे भांडे भरलेले ठेवल्यावर माझ्या मादीच्या पिंजऱ्यात सकाळी मऊ, चमकदार लेंड्यांचे घड तसेच पडलेले दिसू लागले. ससा या लेंड्या थेट गुदद्वारापासून खाऊन त्यांतील जीवनसत्त्वे व प्रथिने पुन्हा मिळवतो. त्या मागे राहू लागल्या म्हणजे खाद्य गरजेपेक्षा भारी होत आहे. प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 25 ग्रॅमवर आणल्यावर ते थांबले आणि गवत खाणेही पूर्ववत झाले. लसूणघासामुळे यात कॅल्शियम बरेच असते, आणि ससा गरज असो वा नसो अन्नातले कॅल्शियम शोषून जादा भाग लघवीवाटे टाकतो. म्हणून लघवी दाट व पांढुरकी होत आहे का, याकडेही लक्ष ठेवावे.

माझ्या मते या खाद्याचा खरा उपयोग जोडी लावल्यानंतर, तोही उशिरा सुरू होतो. गाभणपण सुमारे 31 दिवसांचे असते आणि गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या तिसऱ्या भागात होते; त्या टप्प्यात प्रमाण हळूहळू वाढवावे. विण्याच्या एक-दोन दिवस आधी मादी स्वतःच खाणे कमी करते, तेव्हा आग्रह करू नये. पिल्ले झाल्यावर मात्र ‘हवे तितके’ ही सूचना अगदी योग्य आहे, कारण दूध देणाऱ्या मादीची गरज फार वाढलेली असते आणि तेथे हे खाद्य पुरेपूर उतरते. निर्मात्यांनी हे तीन टप्पे वेगळे छापले असते तर पिशवीवरची माहिती खाद्याच्या दर्जाला साजेशी झाली असती.

प्रजननाचा विचार नसलेल्या मादीसाठी हे खाद्य घेऊ नये. तिला टिमोथीसारखे गवत आणि कमी प्रथिनांचे पेलेट पुरे आहे, आणि न खच्ची केलेल्या माद्यांमध्ये वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळत असल्याने तिच्या शस्त्रक्रियेविषयी पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे. ज्यांना हे खाद्य सुरू करायचे आहे त्यांनी जुन्या पेलेटमध्ये थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा, आणि तो जोडी लावण्याच्या बराच आधी उरकावा, म्हणजे खाद्यबदलामुळे घटलेली भूक आणि माजामुळे घटलेली भूक यांची गल्लत होणार नाही. एकच मादी असेल तर लहान पिशवी घ्यावी आणि उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी, कारण साठवणीत जीवनसत्त्व अ आणि ई कमी होत जातात आणि मोठी पिशवी संपेपर्यंत ज्या घटकांसाठी हे खाद्य घ्यायचे तेच उणे झालेले असतात.