कॉलेजच्या वेळेपुरता मदतनीस: सेवा घ्यावी का?

व्हीलचेअरवरून शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी एजन्सीकडून दिवसाचे तीन-चार तास मदतनीस मिळतो. सेवा जरूर घ्यावी, पण रोज तीच व्यक्ती येणार असेल तरच. माणूस बदलला की सगळं नव्याने समजावायचं काम विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडतं, तेही तास सुरू व्हायच्या गडबडीत.

खरी पारख होते ती खुर्चीतून कमोडवर बसवताना. अनेक मदतनीस सरळ काखेत हात घालून उचलतात. खांद्याचे स्नायू कमजोर असतील तर त्याने सांधा निखळू शकतो. खुर्ची कमोडला ३० ते ४५ अंशांच्या कोनात लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे. बॅटरीवरची खुर्ची असेल तर आधी बंद करायची, नाहीतर जॉयस्टिकला कोपर लागून ती मध्येच पुढे जाते. ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे हलवताना धरायचा रुंद पट्टा, कपड्यांवरून विद्यार्थ्याच्या कमरेला, आत दोन बोटं सपाट जातील इतपत घट्ट. सैल राहिला तर वर सरकून बरगड्यांत रुततो. मदतनिसाने गुडघे वाकवायचे, पाठ नाही. आणि एक-दोन-तीन विद्यार्थ्याने म्हणायचं, म्हणजे त्याचं शरीर तयार असतं. इतकं न सांगता करणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

युरीन बॅग असेल तर ती दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करावी लागते. उचलताना ती मांडीवर ठेवायची नाही. बॅग वर आल्याने लघवी नळीतून मागे मूत्राशयात गेली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

वर्गात ही सेवा हमखास कमी पडते. बसल्या जागी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकवून किंवा कुशीकडे कलवून मिनिट-दोन मिनिटं भार हलवला नाही, तर बैठकीला जखम होऊ शकते. मदतनीस बाहेर मोबाइल बघत बसला तर हे राहूनच जातं. त्याला मागच्या बाकावर बसू देण्याची परवानगी शिक्षकांकडून आधीच घ्या.

शिक्षकांनी प्रश्न मदतनिसाला विचारला तरी उत्तर विद्यार्थ्यानेच द्यायचं, मदतनिसाने गप्प राहायचं. हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं दिसत नाही, आणि याचंच सर्वांत वाईट वाटतं.

करार करताना बदली मदतनीस कोण ते ठरवून घ्या आणि त्याला एक पूर्ण दिवस नेहमीच्या मदतनिसासोबत पाठवायला लावा. जी एजन्सी याला तयार नसेल, तिच्याकडून माणूस घेऊ नका.