म्हापशातील एका खासगी रुग्णालयाची सेवा: औषधोपचार उत्तम, हातमोजे मात्र तेच

वडिलांच्या लघवीत कार्बापेनेम गटातील प्रभावी प्रतिजैविकांना न जुमानणारा क्लेबसिएला हा जिवाणू सापडला, तेव्हा येथील डॉक्टरांनी दाखवलेली सावधगिरी दाद देण्याजोगी होती. एनडीएम हे प्रतिजैविके निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) असलेल्या जंतूवर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे प्रतिजैविक एकटे चालत नाही, म्हणून जोडीला अ‍ॅझट्रिओनाम देतात, आणि कोलिस्टिन हे दुसरे प्रतिजैविक मूत्रपिंडांना जड जाऊ शकते, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. बिल मात्र धडकी भरवणारे. स्वतंत्र खोली मिळायला दोन दिवस लागले. त्या काळात बेडपॅन उचलणारा कर्मचारी हातमोजे न बदलता शेजारच्या खाटेकडे वळताना मी पाहिला, आणि हे फार खटकले, कारण आतड्यात लक्षणांविना महिनोन्महिने राहणारे हे जंतू अशाच हातांवरून पसरतात. घरच्या शौचालयाच्या स्वच्छतेबद्दलही आम्ही विचारल्यावरच सांगण्यात आले.