बागेचा आराखडा लोकांसोबत करायचाय: फॉर्म आणि सभा, की जागेवर फक्की?

वॉर्डातल्या बागेचं नूतनीकरण मंजूर होण्याची चिन्हं दिसू लागली की नागरिक मंचात पहिला प्रश्न हाच निघतो: लोकांची मतं घ्यायची कशी? दोन रस्ते साधारण सगळ्यांना माहीत आहेत. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवायचा आणि मग एखाद्या हॉलमध्ये सभा घेऊन भिंतीवर नकाशा लावायचा. दुसरा म्हणजे लोकांना बागेतच बोलवायचं आणि काय कुठे येणार ते फक्कीने, म्हणजे मैदानावर रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीने, जमिनीवर आखायचं. पुण्यातल्या आमच्या बागेसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी फॉर्मच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लंगडी अजिबात नाही.

बागेत गेलात तर तुम्हाला बागेत येणारेच भेटतात. न येणारे का येत नाहीत, हे तिथे उभं राहून कळत नाही. आमच्या फॉर्मवर एका बाईंनी लिहिलं होतं की मागच्या कोपऱ्यात अंधार असतो, म्हणून सातनंतर मुलीला घेऊन येणं बंद केलं. चारचौघांत त्या हे बोलल्या असत्या असं मला वाटत नाही. उशिरा घरी येणारे नोकरदार, जिना उतरणं अवघड झालेले आजोबा, व्हीलचेअर फाटकातून आत जात नाही म्हणून परत गेलेलं कुटुंब, या सगळ्यांपर्यंत पोहोचायला फॉर्मसारखी सोय नाही.

शिवाय सरकारी कामाला कागद लागतो. पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करते. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, तिथे ती 1989 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात सूचनेचा अर्ज देता येतो, आणि अशा अर्जामागे शे-दीडशे लोकांची उत्तरं जोडलेली असली तर वजन पडतं. तेव्हा फॉर्म नकोच असं मी म्हणणार नाही.

माझं बिनसलं ते एका गोष्टीवरून. फॉर्मवर कुणालाच काही सोडावं लागत नाही. ओपन जिम हवी का? हो. जॉगिंग ट्रॅक? हो. लहान मुलांसाठी रबरी फरशी, ज्येष्ठांसाठी कट्टा, योगासनांसाठी ओटा, सेल्फी पॉइंट, कारंजं? हो, हो, हो. आमची उत्तरं एकत्र केली तेव्हा सगळ्याच गोष्टींना भरघोस पाठिंबा होता आणि सगळं मिळून मावेल एवढी जागा आमच्या बागेच्या दुपटीने लागली असती. मग सभा झाली. भिंतीवर रंगीत नकाशा होता, सल्लागाराने तो मेहनतीने केला होता, पण समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण त्यात आपली इमारत कुठे आहे तेच शोधत होते. नकाशावर ओपन जिम हा एक छोटासा निळा चौकोन होता. त्याच्या आत सध्या मुलं पळतात, हे त्या निळ्या रंगात दिसत नव्हतं. ‘छान आहे’ म्हणून सगळे उठले. म्हणजे निवड झालीच नाही, ती पुढे कंत्राटदाराच्या सोयीवर ढकलली गेली असती.

फक्की पडली आणि बोलण्याचा नूर बदलला. ओपन जिमची मापं टेपने घेऊन आम्ही प्रत्यक्ष जागेवर चौकोन आखला. तो निघाला थेट मुलांच्या क्रिकेटच्या खेळपट्टीवर, आणि त्याचा एक कोपरा जुन्या करंजाच्या बुंध्याला भिडला. नकाशात सगळी झाडं एकाच आकाराची हिरवी वर्तुळं होती. इथे करंजाची मुळं जमिनीवर आलेली समोर दिसत होती. झाडाला धक्का लागणार असेल तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, हे कुणी तरी आठवून सांगितलं आणि चौकोन दोन मीटर सरकला. तो सरकला की तिकडचा ज्येष्ठांचा कट्टा आक्रसला. मग हास्यक्लबाच्या काकांनी स्वतःच विचारलं, “आम्हाला जिमची सगळी यंत्रं लागतात का? तीन पुरेत.” फॉर्मवर याच काकांनी बहुधा सगळ्याला ‘हो’ म्हटलं असणार. जागा हातची जाताना दिसली तेव्हाच माणसं खरं काय हवं ते बोलली.

झोपाळ्याचंही तसंच. नकाशात झोपाळ्याला दोन खांबांपुरती जागा दिलेली. एका ताईंनी दोरी घेतली, एका मुलाला खांबाच्या जागी उभं केलं आणि झोका पुढे-मागे किती जातो ते चालून दाखवलं. त्या पट्ट्यातून घसरगुंडीकडे पळणाऱ्या मुलांची वाट जात होती. झोपाळा हलवायचा निर्णय तिथल्या तिथे झाला. घसरगुंडीची दिशा मुलांनी ठरवली: पत्रा पश्चिमेला असला की चार वाजता बाग उघडते तेव्हा तो तापलेला असतो, हे त्यांना मांड्यांवरून माहीत होतं. आणि पाणी कुठे साचतं हे माळीदादांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना फॉर्म कुणी पाठवला नव्हता, सभेच्या वेळी ते ड्युटीवर होते.

हे काही नवं तंत्र नव्हे. पाणलोटाच्या कामांत गावकरी शिवारफेरी करतात, चावडीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, आणि बांध कुठे घालायचा ते त्यावर बसून भांडतात. शहरात मात्र आपण चालणं सोडून थेट सादरीकरणावर आलो.

फक्कीच्या अडचणीही आहेत. ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखी रेघ पडण्याचा धोका इथे सभेपेक्षा जास्त आहे. आम्ही आधी मुलांना आखू दिलं, मग बायकांच्या गटाला, आणि समितीचे लोक शेवटी, त्याने बराच फरक पडला असं मला वाटतं. एकाच संध्याकाळी केलंत तर त्या वेळचेच लोक सापडतात, त्यामुळे सकाळची फेरी वेगळी हवी. पुण्यात बहुतेक बागा दुपारी बंद असतात, म्हणून दुपारी सावलीत टेकावंसं वाटणाऱ्या सफाई कामगारांचं किंवा घरकाम करणाऱ्या मावशींचं मत दोन्ही फेऱ्यांत निसटू शकतं. त्यांना फाटकाबाहेर गाठून विचारावं लागतं. पावसाळ्यात हे सगळं विसराच.

वेळेचा हिशेब कराल तर फॉर्म स्वस्त वाटेल. आमचा अनुभव मात्र उलटा होता. फॉर्मच्या उत्तरांवर पुढचे कितीतरी आठवडे ग्रुपवर चर्चा चालली आणि काहीच ठरलं नाही. फक्कीवर दोन फेऱ्यांत वाद मिटले. मोठ्या, एकरभराच्या उद्यानाला हे कदाचित लागू होणार नाही, तिथे एवढं आखणं झेपणारही नाही. वॉर्डातल्या छोट्या बागेपुरतं म्हणतोय.

मला आज पुन्हा करायचं झालं तर फॉर्म ठेवेन, पण दोनच प्रश्नांचा: तुम्ही बागेत येत नसाल तर का, आणि येत असाल तर किती वाजता. काय हवं याची यादी त्यात देणार नाही. हॉलमधली सभा वगळेन आणि ती ताकद जागेवर लावेन. फक्कीच्या दिवशी कनिष्ठ अभियंत्यांना आग्रहाने बोलवा, कारण पुढे मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीत, नोंद तेच करणार आहेत. रेघा पुसण्याआधी प्रत्येक चौकोनाची लांबी-रुंदी आणि जवळच्या झाडापासूनचं अंतर लिहून घ्या, गच्चीवरून एक फोटो काढा, आणि हजर असलेल्यांच्या सह्यांसह तेच क्षेत्रीय कार्यालयात दाखल करा. नुसतं ‘बागेत खेळणी बसवणे’ असं लिहून दिलंत तर खेळणी कुठेही बसतील.