पुण्याचं आयसीयू की तालुक्याचं कंत्राट?

जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींसमोर पहिल्या वर्षी दोनच नोकऱ्या असतात. एक पुण्या-मुंबईच्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलातली. दुसरी आपल्याच जिल्ह्यातली, एनएचएमची म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी. कायम सरकारी नोकरी सगळ्यांनाच हवी असते, पण तिची जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. २०२१ ची आरोग्य विभागाची परीक्षा पेपरफुटीत अडकून शेवटी रद्द झाली. मग २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग या दोघांच्या जाहिराती एकाच वर्षात आल्या. म्हणजे प्रश्न खरा एवढाच उरतो: मधली वर्षं कुठे काढायची?

मी दोन्हीकडे काढली आहेत. २०१८ पासून पुण्यात एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत, आणि २०२० च्या अखेरीपासून एका उपजिल्हा रुग्णालयात. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. पण खाजगीने मला जे दिलं ते आधी सांगायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही.

आयसीयूत लागलो तेव्हा व्हेंटिलेटर मी लांबूनच पाहिलेला होता. तिथे माझ्याकडे एक, फार तर दोन पेशंट असायचे. पहिला महिना केरळच्या एका सिनियर सिस्टरच्या हाताखाली गेला. अलार्म वाजला की आम्ही नवीन पोरं मॉनिटरकडे धावायचो. ती आधी पेशंटच्या छातीकडे बघायची. छाती दोन्ही बाजूंनी वर येते का, ट्यूब सरकली का, सक्शन लागतंय का, पेशंट ट्यूब चावतोय का. हे सगळं डोळ्यांनी आणि हाताने तपासून झालं की मग मशीन. चार्टिंगचंही तसंच. दर तासाचं इनटेक-आउटपुट त्या त्या तासालाच लिहायचं, शिफ्ट संपताना एकदम नाही. ही शिस्त सरकारी वॉर्डात शिकायला मिळणं अवघड आहे, कारण शिकवणाऱ्याला तेवढी उसंतच नसते.

त्याच शिस्तीचा उपयोग पुढे तालुक्यात झाला. जून महिना, पाऊस लांबलेला, रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला गेलेल्या एका माणसाला भाऊ मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला. पायावर दोन ठिपके, सूज फारशी नाही, पण पापण्या मिटायला लागलेल्या आणि बोलणं जड. डॉक्टरांनी एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल्स सांगितल्या. ज्यांनी त्या बनवल्या आहेत त्यांना माहीत आहे, पावडरमध्ये पाणी घातल्यावर बाटली जोरात हलवून चालत नाही, फेस येतो. तळहातांत धरून हळूहळू फिरवावी लागते, आणि बाहेर नातेवाईक ओरडत असताना तेवढा धीर धरणं हेच खरं काम असतं. श्वास उथळ व्हायला लागला तेव्हा ट्यूब टाकायच्या तयारीला मला कुणी सांगावं लागलं नाही. १०८ मधून सिव्हिलपर्यंत अँबू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत मीच गेलो. तो माणूस दहा दिवसांनी चालत घरी आला. त्या रात्री पुण्यातल्या त्या सिस्टरची आठवण झाली.

तर शिकायचं म्हटलं तर खाजगी पुढे, यात मला शंका नाही. फक्त वॉर्ड कोणता मिळतो ते बघा. डिलक्स रूमच्या मजल्यावर दोन वर्षं काढलेल्या माझ्या बॅचमेटना ना व्हेंटिलेटर येतो ना गर्दी सांभाळता येते.

कामाचा बोजा तालुक्यात जास्त, तेही लपवत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयातही पाच खाटांमागे एक नर्स हवी. आमच्याकडे नाइटला मेल वॉर्ड आणि कॅज्युअल्टी मिळून आम्ही दोघं आणि एक मावशी. साथीच्या दिवसांत खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तेव्हापासून ओपीडीची रांग गेटापर्यंत येते.

पैशाचं थोडक्यात. २०१८ मध्ये मेस आणि हॉस्टेल कापून माझ्या हातात चौदा हजार आठशे पडायचे. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही वीस हजारांच्या खाली नसावा. मी ज्या हॉस्पिटलात होतो तिथे दोनशेहून कितीतरी जास्त खाटा होत्या. एनएचएममध्ये लागलो तेव्हा मानधन वीस हजार होतं, घरून जाऊन-येऊन, म्हणजे ना मेस ना हॉस्टेल. पण ते दर महिन्याच्या एक तारखेला मिळेल असं धरून चालू नका. माझे एकदा तीन महिन्यांचे एकदम आले. ज्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याने हे आधी विचारात घ्यावं. आणि शेजारच्या टेबलावर तेच इंजेक्शन भरणाऱ्या कायम सिस्टरचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, हे रोज डोळ्यासमोर असतं. त्याची सवय होत नाही.

आता नोकरी टिकण्याबद्दल. सगळ्यांना वाटतं कंत्राट म्हणजे कच्चं आणि खाजगी म्हणजे पक्कं, कारण अपॉइंटमेंट लेटरवर ‘पर्मनंट’ लिहिलेलं असतं. माझा अनुभव उलटा आहे. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये ठरलेली ऑपरेशनं थांबली, ओपीडी ओस पडली, आणि कोविडशी लढायला नर्स हव्या असं सगळीकडे चाललेलं असताना आमच्या हॉस्पिटलने दोन महिने अर्ध्या स्टाफला आळीपाळीने बिनपगारी सुटीवर बसवलं. मीही बसलो. खाजगी हॉस्पिटल शेवटी लोकांच्या नोकऱ्यांवर आणि विम्यावर चालतं. कंपन्यांनी माणसं कमी केली की गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर जातं. सरकारी रुग्णालयात त्याच काळात गर्दी वाढते, कारण खिशात पैसे नसलेला माणूस तिथेच येतो. बाजार कसाही असो, तिथे हात लागतातच.

यातही एक फरक ओळखायला हवा. जंबो कोविड सेंटरसाठी घेतलेली कंत्राटी मुलं सेंटर बंद झाल्याबरोबर घरी आली. माझी जागा एनएचएमच्या मंजूर आराखड्यातली होती, ती दर अकरा महिन्यांनी पुढे सरकत राहिली. त्यामुळे जाहिरातीत जागा कोणत्या योजनेतली आहे, पैसा कुठून येणार आहे, हे नीट वाचा. दहा वर्षं सेवा झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावं लागलं. मीही होतो. त्याच्या भरवशावर संसार मांडा असं मी कुणाला सांगणार नाही.

एवढं सगळं तराजूत टाकलं तर दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. माझ्यासाठी निर्णय एका वेगळ्याच गोष्टीने लावला.

पुण्यात जॉइन होताना एचआरच्या बाईंनी माझी निळी फाइल मागितली. दहावी-बारावीच्या मार्कशीट, जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या, डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, जातीचा दाखला, सगळं ओरिजनल. वडिलांनी बाजारातून मुद्दाम बटणाची फाइल आणली होती आणि आईने आतल्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली होती. बाईंनी ती फाइल कपाटात ठेवली, चावी फिरवली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. पोच मागायची असते हे मला तेव्हा सुचलंही नाही. सगळेच देत होते, मीही दिली.

२०१९ मध्ये जिल्ह्याची एनएचएमची यादी लागली. माझं नाव निवड यादीत होतं. मंगळवारी यादी, शुक्रवारी सकाळी अकराला जिल्हा परिषदेत कागदपत्रांची पडताळणी. बुधवारी ड्यूटी संपवून एचआरला गेलो. बाँडचे सात महिने बाकी आहेत, साठ हजार भरा आणि फाइल घेऊन जा, असं उत्तर. मी म्हटलं, नोकरी सोडत नाही, फक्त एका दिवसासाठी द्या, शनिवारी परत आणून देतो. ते नियमात बसत नव्हतं. गुरुवारी पुन्हा गेलो, मेट्रनला, म्हणजे नर्सांच्या प्रमुख बाईंना, मध्ये घातलं. मेट्रन बिचाऱ्या माझ्यासाठी बोलल्या, पण कपाटाची चावी त्यांच्याकडे नव्हती.

शुक्रवारी साक्षांकित झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी रांगेत उभा राहिलो. टेबलावरच्या क्लार्कने सगळे कागद नीट लावून पाहिले आणि विचारलं, “मूळ प्रती?” मी पुण्यात आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना नवीन नव्हतं ते. दुपारी चारपर्यंत आणल्या तर बघू म्हणाले. चार वाजता प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाचा पुकारा झाला. एक मुलगी उठली, तिच्या हातातली फाइलसुद्धा निळीच होती.

पगार कमी होता ते मी सहन केलं असतं. डबल ड्यूट्या केल्या, ऑफ रद्द झाले, त्याचंही काही नाही, विशी-पंचविशीत अंगात ताकद असते. पण माझ्या बापाने फी भरून मिळवलेला कागद दुसऱ्याच्या कपाटात आणि त्यापायी माझी पुढची नोकरी अडलेली, हे मला आजही पचत नाही. बाँड संपल्यावरसुद्धा फाइल आणि एक्स्पिरियन्स लेटर हातात यायला चाळीस दिवस लागले. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्याला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यांच्याकडे मूळ वेतन ४४,९०० पासून आहे, आणि जागांपैकी २० टक्केच पुरुषांना. म्हणजे आम्हा ब्रदर लोकांना एकेक संधी मोलाची. अनुभव दोन वर्षांचा असून पत्र हातात नसेल, तर फॉर्ममध्ये लिहायचं काय?

परदेशाचंही तेच. जर्मनीला बी-टू पर्यंतची भाषा लागते, आखाती देशांना त्यांची परीक्षा, पण सगळीकडे आधी तुमचे कागद तपासले जातात. इंग्लंडने कोविडनंतर भारतातून भराभर नर्स नेल्या आणि २०२४ पासून भरतीला ब्रेक लागला. संधी उघडी असते ते महिने थोडेच असतात. त्या महिन्यांत फाइल आपल्या घरात हवी.

तालुक्यात मी रुजू झालो तेव्हा क्लार्कने ओरिजनल्स पाहिली, झेरॉक्सवर शिक्का मारला आणि फाइल माझ्या हातात परत दिली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्यानंतर मी तीन परीक्षा दिल्या, दोन पडताळण्यांना गेलो, एकदाही कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. कायम नोकरी अजून लागलेली नाही. पण अडवणारं कुणी नाही, आणि त्यामुळे झोप नीट लागते.

सगळी खाजगी हॉस्पिटलं अशी नाहीत, हे मला मान्य आहे. माझी मावसबहीण यंदा बी.एस्सी. झाली. पुण्याहूनच ऑफर आली तेव्हा तिने मला फोन केला. मी तिला तीन प्रश्न एचआरला विचारायला सांगितले: ओरिजनल्स ठेवून घेता का, बाँड किती आणि मोडला तर किती भरायचे, एक्स्पिरियन्स लेटर किती दिवसांत देता. उत्तरं तोंडी नको, मेलवर माग म्हटलं. संध्याकाळी तिचा फोन आला. “दादा, बघून लगेच परत देतात. बाँड नाही, एक महिन्याची नोटीस. आणि वॉर्ड आयसीयूच आहे.” मी तिला जा म्हणालो. वर्षभर व्हेंटिलेटर शिक, अंगात मुरू दे.

तिची फाइल मावशीच्या कपाटात आहे. जिल्ह्याची पुढची जाहिरात निघाली की त्याच दिवशी मला कळव, असं मी तिला सांगून ठेवलंय.