गच्चीला पांढरा रंग देऊन आठ महिने झाले

नागपुरात वरच्या माळ्यावर राहणाऱ्यांना दुपारच्या उन्हापेक्षा रात्र जड जाते. मागच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, रात्री अकराला स्टुलावर चढून मी स्लॅबला तळवा लावून पाहिला. गॅसवरून उतरवून ठेवलेला तवा थोड्या वेळाने लागतो, तसा गरम. पंखा तीच हवा खाली ढकलत होता, एसी बंद होण्याचं नाव घेत नव्हता आणि सासूबाई ओला पंचा अंगावर घेऊन बसल्या होत्या. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की एसी छोटा पडतोय, दोन टनाचा घ्या. मला ते पटेना. आधी स्लॅबचं काहीतरी करायला हवं होतं.

या फेब्रुवारीत साडेआठशे चौरस फुटांच्या गच्चीवर ऊन परत फेकणारा पांढरा रंग मारून घेतला. आधी प्रायमर, वर दोन हात. मजुरीसकट बावीस हजार लागले. चुन्यात फेव्हिकॉल मिसळून मारणं फारच स्वस्त पडतं आणि एका उन्हाळ्यापुरतं कामही देतं, पण पावसात धुऊन जातं. दरवर्षी तो खटाटोप आमच्याने झाला नसता.

मे महिन्यात भर दुपारी मुद्दाम अनवाणी गच्चीवर गेले. शेजारच्या न रंगवलेल्या गच्चीवर पाय ठेवताच मागे घ्यावा लागला. आमच्या गच्चीवर टाकीपर्यंत चालत जाऊन आले. त्या रात्री स्लॅबला हात लावला तर कोमट होता. माझे तर डोळे भरून आले, कारण सासूबाई तोपर्यंत झोपलेल्या होत्या.

आता बिलाचं. मागच्या मेमध्ये ६१२ युनिट होते, यंदा ४३१. पण सगळं श्रेय रंगाला देणं बरोबर नाही. एप्रिलमध्ये चारही जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. चार पंखे पंधरा तास धरले तर दिवसाला २.७ युनिट वाचले, म्हणजे महिन्याला ऐंशी. उरलेले शंभर युनिट स्लॅब आणि एसीचे तास कमी झाल्याचे. महावितरणचा दर युनिट वाढतील तसा टप्प्याटप्प्याने चढतो, ५०० च्या वरचा टप्पा सगळ्यात महाग. त्या टप्प्यातून खाली आल्यामुळे रुपयांतली बचत युनिटांपेक्षा जास्त जाणवली.

हा रंग काय करत नाही, तेही सांगते. तो फक्त ऊन परतवतो. बाहेरची हवाच ४५ अंश असेल तर ती भिंतीतून, खिडकीतून येणारच. आमच्या पश्चिमेच्या खोलीला रंगाने काहीच फरक पडला नाही. तिथे खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली तेव्हा कुठे बरं वाटलं. आतला पडदा कितीही जाड असला तरी काच तापून ऊन आत आलेलंच असतं. आणि कूलर लावणाऱ्यांनो, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल तर वाळ्याच्या नव्या ताट्या बसवूनही घरात नुसती चिकचिक होते. आम्ही पाऊस लागेपर्यंत दिवसा कूलरच चालवला. एसी फक्त रात्री, २६ वर, सोबत पंखा.

तक्रार एकच, पण मोठी. रंगवणाऱ्याने पावसाळी पाइपाजवळचं शेवाळ नीट खरवडलं नाही. मी तेव्हाच टोकलं होतं, "होऊन जाते ताई" म्हणाला. जुलैत तिथे हातभर पोपडा सुटला. फोन केले, कोणी आलं नाही. तुम्ही काम करून घेताना गच्ची धुऊन, भेगा भरून, पूर्ण वाळल्याशिवाय पहिला हात मारूच देऊ नका, मग मजूर कितीही घाई करोत.

दुसरं म्हणजे धूळ. जूनपर्यंत पांढरं मळकट राखाडी झालं होतं, आणि मळकं झालं की ऊन परतवणंही कमी होतं. एप्रिलमध्ये एकदा धुवायला हवं होतं, ते राहिलं. शेजारच्या काकूंना मात्र कुरडया वाळवायला आमचीच गच्ची आवडली, फक्त दुपारी डोळे दिपतात म्हणून टोपी घालून यायच्या.

थंडी अजून काढायची आहे. हिवाळ्यातलं ऊनही हा रंग परत फेकणार, त्यामुळे डिसेंबरात खोली थोडी जास्त गार राहील. नागपूरकरांनी एवढं सोसायला हरकत नाही. दिवाळीनंतर पाइपाजवळचा तो तुकडा स्वतः उभी राहून खरवडून घेणार आहे. दीड लिटर रंग डब्यात उरलाय.