चार बाय तीनचा रेडिमेड खुराडा, सात महिन्यांनंतर (बहुतेक ट्रेबद्दलच)

परवा खुराड्याच्या कंपनीचा तिसरा ट्रे आला. मी मागवला नव्हता. कुडाळहून कुरिअरवाल्याचा फोन, "मॅडम, तुमचा पत्रा आलाय परत." म्हटलं, आता हा अनुभव लिहून संपवलाच पाहिजे. ऑगस्टपासून वहीत अर्धा पडून आहे.

खुराडा असा. हिरव्या पत्र्याचं उतरतं छप्पर, आत बसायला दोन दांड्या, बाजूला अंड्यांचे तीन खण, जाळीची जमीन आणि तिच्याखाली सरकता ट्रे. किंमत १६,९००. सुटे भाग येतात, जोडणी आपण करायची. नटबोल्ट मोजून आले होते, एकही कमी नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कौतुकाला फार जागा नाही.

एकतीस वर्षं बँकेत काढली. कॅशमध्ये दोन रुपयांचा फरक निघाला तरी रात्री आठपर्यंत बसणाऱ्यांपैकी मी. ह्यांची बायपास झाली आणि त्यानंतर दोन वर्षं हे डोंबिवलीच्या घराचा जिना उतरेनात. डॉक्टर चालायला सांगत, हे खिडकीत बसत. शेवटी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, घर मुलाच्या हवाली केलं आणि एप्रिलमध्ये आम्ही गावी आलो. "आई, नवी सुरुवात करा" हे मुलाचं वाक्य आणि खुराड्याची लिंकही त्यानेच पाठवलेली. पैसे मात्र माझ्या खात्यातून गेले.

गावच्या घराला खुराडा नव्हता असं नाही. जिन्याखाली चिऱ्याचा, मला आठवतंय तेव्हापासून आहे. पुढे हातभर भोक, रात्री त्याला फळी आणि फळीला दगड. पण तो साफ करायचा म्हणजे वाकून आत डोकं घालायचं, खराट्याने शीट ओढायची, वर राख टाकायची. सासूबाईंनी ते पन्नास वर्षं केलं. माझी कंबर ते करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी जे पैसे मोजले ते छपराचे नाहीत, दांड्यांचे नाहीत, ट्रेचे. ट्रे ओढायचा, माडाच्या आळ्याजवळच्या खड्ड्यात उलटा करायचा, परत सरकवायचा. कंपनीच्या व्हिडिओतली मुलगी एका हाताने ओढते, दुसऱ्या हातात चहाचा कप.

सासूबाईंनी जोडलेला खुराडा पाहिला, ट्रे ओढून पाहिला. "ह्यो कपाटाचो खण काय गो?" मग किंमत विचारली. मी हजारभर कमी सांगितली. "एवढ्या पैशात चिऱ्याचो खुराडो झालो असतो, वर चार कोंबे इले असते." (कोंबा म्हणजे कोंबडा.)

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. "१५ कोंबड्यांसाठी" असं खोक्यावर लिहिलंय, ते विसरा. बारा चौरस फुटांत पंधरा कोंबड्या म्हणजे सकाळची कर्जत लोकल. अंड्यावरच्या कोंबडीला आत दोन चौरस फूट तरी हवेत, म्हणजे खरा हिशेब सहाचा. आमच्या बारा त्यात निभावल्या, कारण दिवसभर त्या परसात मोकळ्या असतात आणि रात्री दांडीवर एकीला आठ इंच पुरतात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. आम्ही आधी रस्त्यावरून छान दिसावा म्हणून उलटा ठेवला होता. मे महिन्यात दुपारी चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या, तेव्हा चौघांनी उचलून फिरवला आणि बाजूला ओली गोणपाटं लावली.

कोंबड्या मेच्या मध्यावर टेम्पोवाल्याकडून घेतल्या, दोन महिन्यांच्या, दहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) आणि दोन कोंबे, १८० ला एक. "गावठी आहेत" म्हणाला. पिसं भरली तेव्हा कळलं, गावठी नव्हेत, कावेरी ह्या सुधारित जातीच्या असाव्यात. तक्रार नाही, गावठीपेक्षा अंडी जास्त देतात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचून घ्याच. बाटली शंभर डोसांची येते आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आमच्या बारांसाठी अख्खी बाटली कोण फोडणार? सासूबाई संध्याकाळी वाडीत फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खळ्यात डालग्यांची रांग लागली. एकाच बाटलीत वाडीच्या अठ्ठ्याऐंशी कोंबड्या झाल्या. थर्मासमधला बर्फ आमचा, चहा आमचा.

आता ट्रे.

एप्रिलमध्ये मी मोजला होता. मोजायचं काही कारण नव्हतं, सवय. ट्रे ११७.६ सेंटिमीटर, खाच ११८. म्हणजे चार मिलिमीटर मोकळे. मे-जूनमध्ये लोण्यातून सुरी जावी तसा चालला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात झड लागली ती नऊ दिवस. दहाव्या दिवशी ट्रे निघेना. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी नाही, ह्यांनी मागून ढकलून नाही. बाजूच्या पट्ट्या, ज्यांना कंपनी "वॉटरप्रूफ प्लाय" म्हणते, त्या फुगल्या होत्या. खाच मोजली. ११७.३.

कोंबडीची निम्मी शीट रात्री पडते, दांडीवर बसल्या बसल्या. बारा कोंबड्यांची ती रोज अर्धा किलोच्या वर जाते. ट्रे चार दिवस निघाला नाही तर खाली दोन-अडीच किलो ओला माल, वरून पावसाची दमट हवा. सकाळी दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. माणसाला पाच फुटांवरून झोंबतं, त्या तर रात्रभर त्याच्याच वर बसलेल्या. शेवटी मी पाटावर बसून जाळीतून उलथन्याने खरवडायला लागले. सासूबाई पडवीतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

कस्टमर केअरला पहिला फोन ११ जुलैला. "मॅडम, लाकूड नॅचरल प्रॉडक्ट आहे, पावसात थोडं एक्स्पांड होतं." मी म्हटलं, मग वॉटरप्रूफ कशाला लिहिलंत? "ते पाण्यापासून वॉटरप्रूफ आहे मॅडम, दमटपणापासून नाही." हे वाक्य मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. मग व्हिडिओ पाठवा. मग दुसरा व्हिडिओ, मोजपट्टी दिसेल असा. मग बारा दिवसांनी नवा ट्रे. वाडीत कुरिअर येत नाही, रिक्षा करून कुडाळला गेले, येणं-जाणं ४००. घरी आणून मोजला. ११७.६. अहो, ट्रे बारीक करा किंवा पट्ट्या बदला, त्याच मापाचा दुसरा ट्रे घेऊन मी काय करू? म्हटलं, मी पट्ट्यांना रंधा मारून घेते. "मग वॉरंटी जाईल मॅडम." वॉरंटी एक वर्षाची. त्यातले चार महिने कोकणात पाऊस. म्हणजे ज्या काळात वस्तू बिघडते त्या काळात दुरुस्त करायची नाही, आणि जेव्हा सुकून आपोआप नीट होते तेव्हा वॉरंटी चालू.

स्वातंत्र्यदिनानंतर मेस्त्री बोलावला. पाऊण तास रंधा, पट्ट्यांना वॉर्निशचा हात, ३०० रुपये आणि दोन चहा. ट्रे करंगळीने सरकू लागला. त्या दिवशी मी वहीत लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते: "घ्यायला हरकत नाही, पण आल्या दिवशीच रंधा मारून घ्या. कंपनीचं काही ऐकू नका."

हा सल्ला मी आता मागे घेतेय.

नवरात्रात एका रात्री दोनच्या सुमाराला खुराड्यात कालवा झाला. हे बॅटरी घेऊन धावले. (धावले. नंतर माझ्या लक्षात आलं.) ट्रे अर्धा बाहेर आलेला आणि कोपऱ्यातली एक कोंबडी जाळीवर आडवी. तिला बाकीच्या दांडीवरून ढकलून द्यायच्या, म्हणून ती खाली जाळीवरच झोपायची. जो कोणी आला होता त्याने ट्रे ओढून खालच्या पोकळीत शिरून जाळीतून तिचे पाय चावले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मेस्त्री म्हणतो रानमांजर, सासूबाई म्हणतात कांडेचोर, म्हणजे उदमांजर. आम्ही पाहिलं कुणीच नाही. मुंगूस नव्हे एवढं नक्की, ते दिवसाउजेडी येतं.

"तूच दार उघडून दिलस त्याका," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं चूक नव्हतं. जुलैत जो ट्रे माझ्याच्याने दोन हातांनी हलत नव्हता, तो कुठल्या मांजराने हलवला असता? अडकलेला ट्रे हे त्या खुराड्याचं एकमेव कुलूप होतं आणि मी ते ३०० रुपये देऊन काढून टाकलं. पण मग मी कंपनीला विचारते, सरकत्या ट्रेला साधी कडी का नाही? दाराला दोन आहेत, अंड्यांच्या झाकणाला एक आहे. खालून कुणी येणारच नाही असं कुणी ठरवलं? त्या रात्री ट्रे मी पूर्ण आत ढकलला होता की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी ढकलला होता.

उपाय दोन केले. पहिला फसला. जमिनीच्या एक इंची जाळीवर अर्धा इंची वेल्डमेश टाकली, म्हणजे तोंड आत घालता येऊ नये. तीन दिवसांत ती शीटने लिंपून बसली, खाली काही पडेचना. मग मला ट्रे कशाला हवा होता? काढली. दुसरा उपाय, ट्रेच्या दोन्ही टोकांना कडी-कोयंडा, हार्डवेअरच्या दुकानात ६० रुपयांची जोडी, आणि मागच्या बाजूला तीच काढलेली जाळी खिळ्यांनी मारली. तेव्हापासून काही नाही. म्हणजे १६,९०० च्या वस्तूला जी सुरक्षा लागली ती साठ रुपयांची.

अंड्यांबद्दल कुणी विचारण्याआधी सांगते. पहिलं अंडं गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. घरात गणपती, अंडं कोण खाणार? ते पाच दिवस फळीवर वाटीत होतं आणि येणारा प्रत्येक पाहुणा गणपतीच्या पाया पडून मग अंडं बघायला मागीलदारी जायचा. तेव्हापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ५१२ अंडी. २४० वाडीत विकली, बारा रुपयांनी, बाकी घरात आणि डोंबिवलीला. कवचं सुरुवातीला पातळ होती. तिसऱ्यांच्या शिंपा चुलीत भाजून कुटून वेगळ्या वाटीत ठेवायला लागलो, पंधरा दिवसांत कडक झाली. बाजारातला शिंपल्यांचा चुरा विकत घेऊ नका, ज्यांच्या घरी मासे शिजतात त्यांनी तर मुळीच नाही. एक कोंबी दिवाळीत खुडूक झाली (उबवायला बसली) ती महिनाभर खण अडवून बसली. तीन खणांतला एक अडला तरी बाकीच्यांना दोन पुरतात, त्यामुळे खणांबद्दल तक्रार नाही. झाकणाची बिजागरी गंजली, तेल घातलं. एक कोंबा वाडीच्या राखणेला (राखणदार देवाला) दिला, दुसरा पहाटे चारला ओरडतो.

चारला ओरडतो म्हणून हे चारला उठतात. दिवस लहान झाल्यापासून खुराड्यात नऊ वॉटचा बल्ब लावलाय, तो पेटवायला जातात. अंडी द्यायला कोंबडीला दिवसाला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो म्हणून मी टायमर मागवणार होते, ३५० चा. ह्यांनी नको म्हटलं. मग तिथेच परसात फिरत राहतात, उजाडेपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलेली चाळीस मिनिटं त्यात होऊन जातात. टायमरचे पैसे वाचले.

खर्चाचं म्हणाल तर खुराडा, रंधा, कड्या, रिक्षा मिळून १७,६६०, कोंबड्या आणि खाद्य वेगळं. विक्री २,८८०. मी बँकेत असते तर हे कर्ज मंजूर केलं नसतं. सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं, चिऱ्याचा स्वस्त पडला असता. पण तो मी साफ केला नसता, ह्यांना करू दिला नसता, आणि सासूबाई ऐंशीच्या आहेत. त्यामुळे पुन्हा घेईन का, तर हो. पण पट्ट्यांना रंधा न मारता वॉर्निशचे दोन हात पाऊस लागायच्या आधी द्यायचे आणि कड्या पहिल्याच दिवशी लावायच्या. पाचपैकी तीन तारे देते. एक तारा ट्रेचा कापला, एक त्या "दमटपणापासून नाही" वाल्या मुलाचा.

परवा आलेला तिसरा ट्रे मोजला. ११७.२.

चार मिलिमीटर बारीक केलाय त्यांनी. जुलैतल्या फुगलेल्या खाचेतही हा एक मिलिमीटर सुटा चालला असता. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. आता घेणाऱ्यांना बहुधा हाच मिळेल, तरी खोकं उघडताच मोजून घ्या. माझ्या रंधलेल्या खाचेत तो खडखडतो, म्हणून जुनाच ठेवलाय. नव्यात सासूबाईंनी कुळीथ वाळत घातलेत.